अर्जंट म्हणजे कधीपर्यंत?

मी सांगलीत एका द्राक्ष एक्स्पोर्ट फर्ममध्ये डॉक्युमेंटेशनला आहे. म्हणजे पॅकहाऊसमधून माल निघायच्या आधीपासून तो तिकडं रॉटरडॅमला उतरून घेणाऱ्याच्या ताब्यात जाईपर्यंत जेवढे कागद लागतात ते सगळे माझ्या टेबलवरून जातात, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो (मालाला कीड-रोग नाही असा सरकारी दाखला), बीएल (शिपिंग लाइननं माल घेतल्याचा कागद, माल कुणाला द्यायचा ते नाव त्यावर असतं), सगळं. जानेवारी ते एप्रिल आमचा सीझन, त्या चार महिन्यात फोन रात्रीपण उशाशीच असतो. शाळा माझी तासगाव तालुक्यातल्या गावात, मराठी मीडियम, बीकॉम सांगलीत झालं, आणि इंग्रजी मेल लिहायला मी शिकले ते माझ्या आधी त्या टेबलवर जे बसायचे त्यांचे जुने मेल बघून बघून. ते जसं लिहायचे तसंच मी पण लिहायला लागले आणि सात वर्षं तसंच चाललं. २०२४ च्या सीझनला एक मोठी चूक झाली आणि तिथून पुढं "घाई आहे" एवढी एकच गोष्ट इंग्रजीत सांगायची कशी हे मी शिकले, त्याचं हे लिहितेय. वाटायला छोटी गोष्ट आहे पण तिच्यापायी माल अडकतो, पैसे जातात, म्हणून सविस्तर लिहिते, माझ्यासारखं मराठी मीडियमचं कुणी कुठल्या टेबलवर बसलं असेल तर त्याला उपयोग होईल.

झालं असं की फेब्रुवारीच्या शेवटाला थॉम्सन जातीच्या द्राक्षांचा एक कंटेनर निघायचा होता. त्या वर्षी लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळं जहाजं सुवेझमधून जायचीच बंद झाली होती, पार आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून जायची, त्यामुळं आधीच दहा-बारा दिवस जास्त लागायचे, आणि द्राक्षाचं कसंय, घड तोडला की तिथून त्याचे दिवस मोजायला सुरुवात, आधी काडी सुकायला लागते मग मणी सैल पडतात. त्यात तिकडच्या बायरनं ऐनवेळी कळवलं की बीएलवर नाव बदला, माल आमच्या दुसऱ्या कंपनीच्या नावानं उतरवायचाय. मग त्या कंपनीचा ईओआरआय नंबर पाहिजे, युरोपात माल मागवणाऱ्याला कस्टम्सकडून मिळालेला असतो तो नंबर. कंटेनर जहाजावर चढायच्या २४ तास आधी मालाची माहिती तिकडच्या कस्टम्सला जावी लागते, म्हणून शिपिंग लाइन त्याच्याही आधीचा कटऑफ देते. आमचा कटऑफ बुधवारी संध्याकाळी सहाचा होता.

सोमवारी सकाळी मी मेल टाकला. तो मेल मला आजही पाठ आहे. ग्रीटिंग्ज ऑफ द डे, काइंडली प्रोव्हाइड द ईओआरआय नंबर ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स अँड डू द नीडफुल, थँकिंग यू इन ॲन्टिसिपेशन. मंगळवारी उत्तर नाही. मी परत एक मेल टाकला, जेंटल रिमाइंडर, खाली तोच मेल जोडून. बुधवारी सकाळी अजून एक, त्यात सब्जेक्टमध्ये अर्जंट लिहिलं. बुधवारी सहा वाजले. नंबर आला गुरुवारी दुपारी.

कंटेनर रोल झाला, म्हणजे त्या जहाजावर न चढता पुढच्या जहाजावर ढकलला गेला. आठ दिवस तो बंदरात, आतला माल थंड राहावा म्हणून, प्लगला लावून पडला, त्या विजेचे पैसे, रोलिंगचे पैसे, आणि माल तिकडं पोचला तेव्हा क्वालिटी रिपोर्टमध्ये काड्या तपकिरी झाल्याचं आलं आणि बायरनं दर कापला. शेतकऱ्याला अण्णांनी (आमचे मालक, त्यांना सगळेच अण्णा म्हणतात) ठरलेला दर दिला, तोटा स्वतः सोसला. मला रागावले पण नाहीत. "पुढच्या जहाजाचं बघ आता" एवढंच म्हणाले आणि आत गेले. मला तेच जास्त लागलं.

गुरुवारी संध्याकाळी तिकडच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. त्यांनापण वाईट वाटलं होतं. त्या सरळ बोलणाऱ्या, त्यांनी मला विचारलं, तुम्ही लिहिलं होतं की माझ्या सवडीनं पाठवा, मला वाटलं या आठवड्यात कधीपण चालेल, बुधवारी सहाचा कटऑफ आहे हे तुमच्या मेलमध्ये कुठं आहे? मी फोन कानाला तसाच ठेवून तिन्ही मेल उघडले. कुठंच नव्हतं. माझ्या डोक्यात होतं, टेबलवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून होतं, अण्णांना तोंडी सांगितलेलं होतं. ज्या बाईला ते कळायला पाहिजे होतं तिलाच तेवढं सांगितलं नव्हतं.

आता ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स. सात वर्षं मी ते "लवकरात लवकर" या अर्थानं लिहीत होते. अर्लिएस्ट आहे म्हणजे लवकरच की, असं माझं डोकं. पण त्यातला वजनदार शब्द कन्व्हीनियन्स आहे, समोरच्याची सोय, सवड. म्हणजे "तुम्हाला जमेल तसं बघा हो". मी हात जोडून सांगत होते की घाई नाही. हे कळल्यावर दोन दिवस मी जुने मेल चाळत बसले होते, कुठं कुठं लिहिलंय बघायला. सगळीकडं होतं.

माझ्या जावेच्या माहेरच्या ओळखीत एक सर आहेत, कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले, विश्रामबागला राहतात. सीझन संपल्यावर मे महिन्यात मी त्यांच्याकडं जायला लागले, मंगळवारी आणि शनिवारी ऑफिस सुटल्यावर. मला ग्रामर शिकायचं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी पंधरा-वीस मेलच्या प्रिंट काढून नेल्या आणि त्यांच्यापुढं ठेवल्या. त्यांनी शांतपणे सगळ्या वाचल्या, चहा आला तरी वाचत होते, मग म्हणाले, "अगं, इंग्रजी चुकीचं म्हणावं असं यात फारसं काही नाही. पण यातलं घाईचं कुठलं आणि बिनघाईचं कुठलं, तूच मला वेगळं करून दाव." मला येईना. सगळे सारखेच दिसत होते. काइंडली सगळ्यात, ॲट द अर्लिएस्ट सगळ्यात, नीडफुल सगळ्यात.

मग त्यांनी मला इंग्रजी काही दिलंच नाही, वहीत मराठी लिहायला लावलं. घाई सांगायचे जेवढे शब्द येतात तेवढे लिही म्हणाले. मी लिहीत गेले, पटकन, लगेच, ताबडतोब, तातडीनं, आत्ताच्या आत्ता, झटदिशी, बिगीनं, बिगीबिगी, लवकरात लवकर, त्वरित, विनाविलंब, तात्काळ, अतितात्काळ. पान भरलं. मग एकेक शब्द कुणाला म्हणशील ते पुढं लिही म्हणाले. बिगीनं ये हे मी भावाला म्हणते, पोरांना म्हणते, तलाठ्याला नाही म्हणणार. अतितात्काळ हा शब्द मी फक्त फायलीवरच्या शिक्क्यात बघितलाय. सर म्हणाले, "आणि भावाला चिठ्ठी लिहिलीस की आपण विनाविलंब घरी यावे, तर?" मी म्हणलं, त्याला वाटेल वाटणीवरनं भांडण निघालंय. ते म्हणाले हेच सगळं इंग्रजीत पण आहे, जवळच्याला फार औपचारिक लिहिलं की तो राग वाटतो आणि लांबच्याला फार सलगीचं लिहिलं की तो उद्धटपणा वाटतो, तुला मराठीतलं कळतं कारण कान तयार आहे, इंग्रजीतला कान तयार करायचा एवढंच काम.

त्यांनी अजून एक विचारलं जे माझ्या पक्कं डोक्यात बसलं. २०१९ च्या पुरात तू कुठं होतीस? आम्ही तेव्हा गावभागात भाड्यानं राहत होतो. स्पीकरवरनं दोन दिवस सांगत होते पाणी वाढतंय, सुरक्षित ठिकाणी जावा. ऐकत होतो, पण हलत नव्हतो कारण २००५ ला पाणी कुठंपर्यंत आलं होतं ते घरमालकांना माहिती होतं आणि ते म्हणायचे इथवर येत नाही. सांगलीत पावसाळ्यात कुणी कुणाला पाणी लई वाढलंय का असं विचारत नाही, विचारतात आयर्विनला किती? कृष्णेवरच्या त्या आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका, हे इथल्या शाळेतल्या पोराला पण माहिती असतं. त्या ऑगस्टमध्ये आकडा चढत चढत गेला, शेवटी ५७ च्याही वर गेला. शेजारच्या काकूंनी जिन्यातनं ओरडून आकडा सांगितला आणि आईनं त्याच क्षणी गॅस बंद केला, कागदपत्रांची पिशवी उचलली, कुकरमधला भात तसाच राहिला. सर म्हणाले, स्पीकरवाला दोन दिवस वाढतंय म्हणत होता तेव्हा तुम्ही उठला नाही, आकडा ऐकला की उठला. तुझ्या मेलमध्ये आकडा कुठाय?

नाहीच की. बुधवार नाही, सहा वाजले नाही.

तिथून पुढं मी सगळे मेल परत लिहून काढले, तोच ईओआरआयचा मेल तर किती वेळा लिहिला असेल. शेवटी जो झाला तो असा. सब्जेक्टमध्येच, ईओआरआय नंबर नीडेड बाय वेन्सडे ट्वेल्व्ह नून युवर टाइम. आत पहिलंच वाक्य, कुड यू प्लीज सेंड अस द ईओआरआय नंबर ऑफ द न्यू कन्साइनी बाय वेन्सडे ट्वेल्व्ह नून, डच टाइम. दुसरं वाक्य, शिपिंग लाइन आमच्या संध्याकाळी सहाला माहिती घेणं बंद करते, त्यानंतर कंटेनर पुढच्या जहाजावर जाईल, एक आठवडा उशीर होईल. तिसरं, उशीर होणार असेल तर कृपया आजच कळवा म्हणजे मी लाइनशी बोलते. संपलं. ग्रीटिंग्ज ऑफ द डे नाही, नीडफुल नाही. मला पहिल्यांदा ते फार कोरडं वाटलं, पाहुण्याला दारातच काम सांगितल्यासारखं. सर म्हणाले कुड यू प्लीज आहे ना, विनंती क्रियापदात ठेवायची, तारखेत ठेवायची नाही. तारीख कडकच पाहिजे.

युवर टाइम हा माझ्यासाठी मोठा धडा होता. एंड ऑफ डे, ईओडी, हे मी सर्रास लिहायचे. कुणाचा दिवस? आमचं ऑफिस बंद होतं तेव्हा नेदरलँड्सला दुपारची जेवणं झालेली असतात. हिवाळ्यात साडेचार तासाचा फरक, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळ एक तास पुढं करतात मग साडेतीन तासाचा होतो, हे बरोबर आमच्या सीझनच्या मध्यात येतं. आता माझ्या कॅलेंडरवर तो रविवार पाडव्यासारखा आधीच खूण करून असतो.

मग सरांनी इंग्रजीतल्या घाईच्या पायऱ्या समजावल्या. सगळ्यात वरची, एकदम कोर्टाची वगैरे भाषा, फोर्थविथ, विथ इमिजिएट इफेक्ट, इट इज इम्पेरेटिव्ह दॅट. हे नोटिशीत, ऑर्डरीत. टाइम इज ऑफ द इसेन्स हे मी एका मेलमध्ये ऐटीत वापरलं होतं, छान वाटतं म्हणून, सरांनी सांगितलं की हे करारातलं वाक्य आहे, याचा अर्थ ठरलेली वेळ हीच कराराची मुख्य अट, ती चुकली तर समोरचा करार मोडू शकतो. आपल्याकडं १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टमध्ये ५५ वं कलम याच्यावरच आहे. म्हणजे मी बायरला सहज म्हणून जवळपास कायद्याची धमकी दिली होती. त्याच्या खालची पायरी ऑफिसची, युवर प्रॉम्प्ट अटेन्शन वुड बी ॲप्रिशिएटेड, यात शब्द गोड आहेत पण कानाला जरा टोचतं, थकलेल्या बिलाच्या तगाद्यात येतं तसं. आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड, पुढं तारीख, हे लांबच्या आणि मोठ्या माणसाला. कुड यू प्लीज, पुढं तारीख, हे रोजच्याला. ॲज सून ॲज पॉसिबल पूर्ण लिहिलं तर चालतं, पण त्याच्यात पण आकडा नाही, आणि त्याचं एएसएपी केलं की तो हुकूम होतो, अमेरिकेच्या लष्करातनं आलेला शब्द आहे, वरच्यानं खालच्याला म्हणायचा. मी तो बायरला लिहीत होते, म्हणजे गिऱ्हाइकाला.

खालच्या पायऱ्या बोलण्यातल्या. राइट अवे, गेट अ मूव्ह ऑन, आय नीडेड इट यस्टरडे. हे शेवटचं मला फार आवडलं, कालच पाहिजे होतं, आपण पण म्हणतोच की. चॉप चॉप मात्र कुणालाच म्हणायचं नाही असं सरांनी बजावलं, चीनच्या किनाऱ्यावर गोऱ्या व्यापाऱ्यांची आणि तिथल्या लोकांची जी मोडकी इंग्रजी चालायची तिच्यातनं आलेलं आहे, नोकराला हाकलल्यासारखं वाटतं. डू द नीडफुल, म्हणजे जे लागेल ते करा, याबद्दल मी भीतभीतच विचारलं कारण सगळे त्याला हसतात. सर हसले नाहीत. म्हणाले, ते जुनं इंग्रजी आहे, आपल्या ऑफिसात टिकलं, इथं चालतं, मुंबईच्या सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला, कळतं. तिकडच्या माणसाला कळत नाही ते एवढ्यासाठी की नीडफुल म्हणजे नक्की काय करायचं ते त्यात नाही. मला हे बरं वाटलं, कारण ज्यांचे मेल बघून मी शिकले ते माणूस फार मनापासून काम करायचे.

एका शनिवारी सरांनी विमानांचं सांगितलं आणि त्या दिवशी मी घरी जाताना स्टेशन चौकात गाडी लावून थोडा वेळ तशीच बसले होते. वैमानिकांनी संकटात तीनदा म्हणायचा शब्द मेडे, तो १९२३ च्या सुमाराला लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरच्या रेडिओ अधिकाऱ्यानं काढला, फ्रेडरिक मॉकफर्ड नाव, पॅरिसशी विमानं ये-जा करायची म्हणून मला मदत करा अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दावरनं. त्याच्या एक पायरी खाली पॅन-पॅन, म्हणजे तातडी आहे पण जिवावर आत्ता नाही. म्हणजे घाईच्या पायऱ्या तिथं अधिकृत ठरवूनच ठेवल्यात. आणि तरी २५ जानेवारी १९९० ला कोलंबियाचं ॲव्हियान्काचं ५२ नंबरचं विमान न्यूयॉर्कजवळ पडलं. हवा खराब म्हणून विमानांना वरच घिरट्या घालायला लावलं होतं, हे सव्वा तास फिरत होतं, इंधन संपत आलं. वैमानिक स्पॅनिश बोलणारे. कंट्रोलशी बोलणारा को-पायलट म्हणाला प्रायॉरिटी पाहिजे, म्हणाला आमचं इंधन संपत चाललंय. इमर्जन्सी हा शब्द काही त्यानं कंट्रोलला सांगितला नाही. कंट्रोलवाल्यांच्या लेखी त्या रात्री सगळ्यांचंच इंधन कमी होत होतं. विमानात १५८ लोक होते, त्यातले ७३ गेले. त्या को-पायलटला वाटलं असणार की मी सांगितलंय. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं. आपल्या भाषेत असता तर त्याच्या आवाजावरनंच कळलं असतं.

तर २०२५ चा सीझन आला. मी आता सगळं शिकले असं मला वाटत होतं आणि पहिल्या तीन आठवड्यात मी वेगळीच चूक केली. प्रत्येक मेलला डेडलाइन टाकायला लागले, प्रत्येक सब्जेक्टमध्ये ॲक्शन नीडेड, लाल उद्गारचिन्ह. लेबलचं डिझाइन पास करायचं, त्याला पण उद्या बारापर्यंत, खरं तर त्याला आठ दिवस होते. तिकडच्या त्याच बाईंचा मेल आला, अगदी चांगल्या शब्दात, की आज तुमचे चार मेल आलेत आणि चारी अर्जंट आहेत, यातलं आधी कुठलं करू? मी तो मेल वाचून खरंच थांबले. रोज आयर्विनला ४५ सांगितलं तर लोक घर सोडतील का? मग मी नियम केला, जिथं माझ्या हातात नसलेली वेळ आहे, जहाजाची, कस्टम्सची, लाइनची, तिथंच कडक वेळ. बाकीच्याला, बाय फ्रायडे इज फाइन. आणि इज फाइन लिहायला पण धीर लागतो, आपल्याला वाटतं समोरचा विसरेल.

माणसागणिक पण वेगळं लिहायला शिकले. मुंबईच्या सीएचएचा पोरगा व्हॉट्सॲपवर असतो, त्याला कुड यू प्लीज लिहिलं तर त्याला वाटतं ताई चिडल्यात. त्याला "दादा गेट-इन झालं का, चारला बंद होतंय" एवढं बास, गेट-इन म्हणजे कंटेनर बंदराच्या आत जाणं. माझी मावसबहीण मिरजेला हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली आमच्यात स्टॅट म्हणतात, डॉक्टरनं ऑर्डरीवर स्टॅट लिहिलं की हातातलं सोडून ते आधी, लॅटिन शब्द आहे म्हणे स्टॅटिम, ताबडतोब. पण तिच्यात पण गंमत अशी की नातेवाइकाला ती स्टॅट म्हणत नाही, त्याला म्हणते पाच मिनिटात खाली मेडिकलमधनं हे घेऊन या. आकडाच. इंग्रज माणसाबद्दल सरांनी सावध केलं होतं ते पण खरं निघालं, लंडनच्या एका बायरचा माणूस लिहायचा इट्स अ बिट अर्जंट, मी बिट म्हणजे थोडं समजून दुपारनंतर बघायचे, आणि त्याचं थोडं म्हणजे आत्ता असायचं. आता अ बिट दिसलं की मी आधी तेच करते.

मार्चमधला एक प्रसंग सांगते. रात्रीचे पावणेदहा, मी पोराचं दप्तर भरत होते. त्या सीएचएच्या पोरानं कंटेनरच्या कागदाचा फोटो टाकला होता, सहज, फाइलला पाहिजे म्हणून. मी मोठा करून बघितला तर टेम्परेचर प्लस पाच लिहिलेलं. द्राक्षं आम्ही शून्याच्या जरा खालीच पाठवतो, उणे अर्धा डिग्री. बुकिंगमध्ये माझं बरोबर होतं, पुढं कुणीतरी भरताना चुकलं होतं. प्लस पाचवर महिनाभर प्रवास म्हणजे तिकडं दार उघडल्यावर बुरशी.

आधीची मी असते तर बसून लांबलचक मेल लिहिला असता. त्या दिवशी मी आधी फोन केला. लाइनच्या रात्रीच्या डेस्कला कुणीतरी दक्षिणेकडची मुलगी होती, तिला मराठी नाही, मला तिचं हिंदी नीट कळेना, इंग्रजीतच बोललो. मी म्हणलं, धिस इज ॲन इमर्जन्सी, मग कंटेनर नंबर, मग द सेट पॉइंट इज राँग, इट शुड बी मायनस झिरो पॉइंट फाइव्ह, प्लीज चेंज इट नाऊ. तेवढंच. आवाज थरथरत होता पण वाक्य तीनच. मग लगेच तेच तीन ओळीत मेल, बुकिंगची कॉपी जोडून, शेवटी आय ॲम ऑन धिस नंबर टिल इट इज डन. प्लीज चेंज इट नाऊ हे एरवी मी कुणाला लिहिलं नसतं, सरांच्या पायऱ्यांत ते हुकमाच्या पायरीवर आहे, पण ती पायरी याच दिवसासाठी असते हे पण सरांनीच सांगितलं होतं. अकरा मिनिटांनी मेल आला, करेक्टेड. मी परत लिहिलं, फोटो पाठवा. डिस्प्लेचा फोटो आला त्यात उणे शून्य पॉइंट पाच दिसत होतं, मग मी पोराचं दप्तर परत भरायला घेतलं आणि लक्षात आलं की मघाशी कंपास त्यात घातलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मी वेगळा मेल लिहिला, नीट आभाराचा, काल रात्री मी फार तुटक बोलले त्याबद्दल. ती म्हणाली, मॅम, यू वेअर व्हेरी क्लिअर. सरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, क्लिअर म्हणाली ना, मग झालं. आणि नवीन वही काढून मला आता नाही म्हणायचं कसं ते शिकवायला बसले, ते अजून चालूच आहे, ते मला घाईपेक्षा अवघड जातंय.

या जानेवारीत आमच्याकडं एक नवीन मुलगी लागली, कवठेमहांकाळची. तिनं पहिला मेल लिहून मला दाखवला त्यात काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट होतं. मी काही दुरुस्त केलं नाही. तिला म्हणलं, कधीपर्यंत पाहिजे? ती म्हणाली ताई, उद्या तीनपर्यंत. मी म्हणलं मग तसं लिही की.

आणि परवाच तिकडच्या त्या बाईंचा मेल होता, पॅकिंगचा नवा तपशील मागत होत्या, शेवटी लिहिलं होतं नो रश, बट फ्रायडे वुड बी ग्रेट. मी दोनदा वाचलं. नो रश म्हणजे घाई नाही, पण शुक्रवार तर म्हणतायत. पूर्वी मी अंदाज लावत बसले असते. या वेळी सरळ विचारलं, फ्रायडे म्हणजे तुमची सकाळ का तुमची संध्याकाळ? दहा मिनिटात उत्तर आलं, फ्रायडे नून, अवर टाइम, अँड थँक यू फॉर आस्किंग.